सतरा क्रमांकाची पूजित वस्तू

कोणतीही वस्तू डोळ्यांना दिसते एवढ्यावरून ती आहे असे मानण्याची घाई विचारी माणूस करीत नाही. दिसणे हा इंद्रियांचा विषय आहे. असणे हा नोंदवहीचा. पुष्कळ तत्त्वज्ञांना हे सत्य आयुष्याच्या उत्तरार्धात उमगते. जोयड्याच्या वनग्राम दाखला केंद्राचे हेड क्लार्क नागेश घाडी यांना ते नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात उमगले, कारण त्या आठवड्यात त्यांची खुर्ची नोंदवहीत सापडली नाही आणि ती सापडेपर्यंत त्यांनी अकरा दिवस उभ्याने काम केले. (खुर्ची अकराही दिवस त्यांच्या शेजारीच होती.)

नागेशराव रामनगरचे, मूळ घराणे खानापूरकडचे. माणूस अत्यंत मृदू. बावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी कोणावर आवाज चढवल्याचे कोणी ऐकले नाही. उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ते केंद्राच्या माठातले पाणी स्वतः उठून देतात, आणि शिपाई तुळजाक्काच्या हातचा चहा तिच्याच स्टुलावर बसून पितात. पुढे जे घडले ते एका चांगल्या माणसाने, चांगल्या हेतूने, टिपणी लिहून केले. ही गोष्ट आधीच सांगून ठेवणे बरे. नंतर ती आठवणीतून निसटण्याचा संभव आहे.

केंद्राचे काम दाखले देण्याचे. रहिवासाचा, उत्पन्नाचा, जातीचा, जंगलातल्या जमिनीच्या दाव्याचा, आणि यांपैकी कोणताही दाखला मिळालेला नाही असा. अर्ज कानडीत असतो, अर्जदार कोकणी किंवा मराठी बोलतो, संगणकाला इंग्रजी लागते. या तिघांना सारखीच न कळणारी जी चौथी भाषा, तीत निर्णय होतो. केंद्रात संगणक एक. सुप्याचे धरण याच तालुक्यात असल्यामुळे काळी नदीच्या पाण्यावर निघणारी वीज राज्यभर जाते; जाताना ती जोयड्याला भेटते, पण मुक्काम करीत नाही. तेव्हा तो एक संगणकही दिवसाचे काही तासच संगणक असतो, उरलेला वेळ टेबल.

या संगणकावर झिलू वेळीप हा कंत्राटी ऑपरेटर होता. उळवीच्या वाटेवरल्या एका वाडीतला कुणबी, बारावी पास, दांडेलीत संगणक शिकलेला. शिकण्याआधी तो एका खाजगी लाकूडवखारीत कामाला होता आणि तिथे सागाचा एक ओंडका त्याच्या दोन्ही हातांवर येऊन थांबला. उजव्या हाताची चार बोटे मुठीसारखी वळली ती तशीच राहिली. डाव्या हाताचीही तीच गत, थोडी उघडी. दोन्ही अंगठे मात्र शाबूत. ही जागा अपंगांसाठी राखीव होती आणि झिलूला ती मिळाली, कारण ती ज्यासाठी राखीव होती ते त्याच्याकडे होते. कंत्राट दोन वर्षांचे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर संपता संपता, कार्यकौशल्याची चाचणी. दहा मिनिटांत बारा रकान्यांचा अर्ज संगणकावर भरून छापून दाखवायचा. जमले तर पुढली दोन वर्षे, न जमले तर घर. घर म्हणजे दीड एकर भात, परसातले कंद, बायको केशर, आणि महिन्याच्या महिन्याला येणारे असे या नोकरीखेरीज काही नाही.

सुरुवातीला झिलू माऊस तळहाताच्या टाचेने ढकलीत असे आणि बटण दाबायला मुठीचे हाड वापरीत असे. दिवसाला चार दाखले होत. पुतळी मावशी नावाची त्याच्याच वाडीतली विधवा आपल्या जमिनीच्या दाव्याचा कागद काढायला अकरा वेळा चालत आणि जीपला लोंबकळत आली, आणि अकराही वेळा तिचा नंबर पाचवा होता.

मग झिलूचा चुलतभाऊ सुदेश मडगावहून आला. तो तिथल्या एका हॉटेलात काम करतो. हॉटेलच्या पोरांसाठीच्या खोलीतला गेम खेळायचा कन्सोल मोडीत निघाला होता. त्याचा वायरवाला कंट्रोलर सुदेशने मागून घेतला. वस्तू काळी, दोन बाजूंना दोन दांड्या, वर बटणे आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या काड्या. झिलूने ती धरली तेव्हा त्याच्या वळलेल्या मुठी त्या दांड्यांवर अशा बसल्या, की ओंडक्याने आणि कारखान्याने आधी आपसांत बोलून घेतले असावे. सुदेशने पेनड्राइव्हमधून आणलेला एक फुकट प्रोग्राम घातला आणि कंट्रोलर केंद्राच्या संगणकाला लावला. डावी काडी फिरवली की पडद्यावरचा बाण फिरे, एका बटणाने क्लिक होई, दुसऱ्याने मागे जाता येई, आणि पडद्यावरच उमटणाऱ्या कळफलकावर उजव्या काडीने अक्षरे वेचता येत. डावी काडी जुनी असल्यामुळे हात सैल सोडला की बाण आपणहून वर डावीकडे सरकत जाई. झिलूने अंगठा किंचित खाली दाबून धरायची सवय लावून घेतली. आठवड्याभरात रोजचे दाखले चारावरून नवावर गेले, महिन्याभरात एकतीसवर.

पुतळी मावशीचा कागद बाराव्या खेपेला निघाला. ती काउंटरच्या जाळीतून आत बघत राहिली.

“काय रे झिलू, नांगराची मूठ धरल्यागत धरलंयस.”

“नांगरच हाय मावशे. कागदाचा.”

“बैल कुठं हायत?”

झिलूने मान न वळवता मागच्या टेबलांकडे अंगठा केला. तिथे नागेशराव आणि दोन कारकून बसले होते. तुळजाक्का हसली; नागेशरावही हसले. सांगितलेच, की माणूस मृदू.

चौदा महिन्यांत या दोन अंगठ्यांतून सात हजार दोनशे चार दाखले बाहेर पडले. इथे एका ऐतिहासिक योगायोगाची नोंद घेणे इष्ट. झिलूच्या आज्याला आणि बापाला सरकार जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा तेव्हा सरकारने त्यांच्याकडे अंगठा सोडून दुसरे काही मागितले नाही. नदीकाठची जमीन पाण्याखाली जाताना अंगठा, वर नवी मिळेल असे ऐकताना अंगठा, मिळाली नाही हे मान्य करताना अंगठा. तिसऱ्या पिढीत त्याच घरातल्या माणसाने तोच अवयव सरकारच्या सेवेत पूर्ण वेळ रुजू केला. एखादे सरकार यावर गहिवरले असते. या सरकारने यादी तपासली.

यादीची हकीकत अशी. नवरात्रात आयुधपूजेला आपल्याकडे प्रत्येक कचेरीत हत्यारे पुजतात. जीपला झेंडूची माळ, टायरखाली लिंबू, संगणकाला कुंकू, शिक्क्यांना हळद, आणि दारात नारळ. हे सर्वत्रच होते. पण वनग्राम दाखला केंद्रात त्याची यादीही होते. तीन वर्षांपूर्वी नारळाचे पाणी स्कॅनरमध्ये गेले होते आणि स्कॅनर पूजेत होता की नुसता पूजेच्या शेजारी होता, यावरून सात महिने पत्रव्यवहार चालला. (निष्कर्ष: शेजारी होता. भक्तिभाव नसताना भिजला, म्हणून दुरुस्ती नामंजूर.) तेव्हापासून नागेशरावांनी ‘पूजित वस्तूंची यादी’ हा नमुना सुरू केला. वस्तूचे वर्णन, पूजेपूर्वीची स्थिती, पूजेनंतरची स्थिती, उपस्थितांच्या सह्या. जिल्ह्यात असा नमुना दुसरीकडे कुठेही नाही, आणि याचा नागेशरावांना वाटणारा अभिमान सार्थ आहे.

त्या वर्षी तुळजाक्काने टेबलावर लाल कापड घातले, पंचिंग मशीन, शिक्के, प्रिंटर, कुलपे मांडली, आणि झिलूला म्हणाली, “तुजं यंतर बी आण की रे. सगळ्यांत ज्यास्त राबतंय ते.”

झिलूने कंट्रोलर वायर गुंडाळून आणला आणि दोन शिक्क्यांच्या मधे ठेवला. तुळजाक्काने दोन्ही काड्यांवर कुंकू लावले. झिलूने हात जोडले, म्हणजे अंगठे जोडले. नागेशरावांनी लिहिले: ‘क्रमांक सतरा. दोन दांड्यांचे यंत्र, काळे, वायरसह. पूजेपूर्वी सुस्थितीत. पूजेनंतर सुस्थितीत.’ खाली सर्वांनी सह्या केल्या. झिलूनेही केली, अंगठ्याच्या बेचक्यात पेन धरून, पूर्ण नावाची.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात वार्षिक मोजणीसाठी तपासनीस आले. त्यांनी जडवस्तूंची नोंदवही आणि पूजित वस्तूंची यादी शेजारी शेजारी ठेवली. असे करता येईल हे आजवर कोणाच्या डोक्यात आले नव्हते. यादीत वस्तू एकोणीस, नोंदवहीत त्यांपैकी अठरा. सतरा क्रमांकापुढे त्यांनी लाल प्रश्नचिन्ह काढले, चहा घेतला आणि ते दांडेलीची बस पकडून गेले.

प्रश्नचिन्ह एकट्या नागेशरावांच्या वाट्याला आले. त्यांनी दुपारचा डबा न उघडता टिपणी लिहिली. ती वाचनीय आहे. तिचा सारांश असा की, शक्यता दोनच. एक: वस्तू सरकारी आहे, पण नोंदायची राहिली. ही चूक सौम्य. नोंद केली की ती मिटते. दोन: वस्तू खाजगी आहे. मग एका खाजगी वस्तूची सरकारी वस्तूंच्या पंक्तीत, सरकारी वेळेत, सरकारी नारळाने पूजा झाली, आणि त्या यादीवर केंद्राच्या सर्व कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या. शिवाय चौदा महिने ती सरकारी संगणकाला लावलेली होती, म्हणजे सात हजार दोनशे चार दाखले एका अनधिकृत वस्तूने दिले. ते सर्व रद्द करावे लागतील. पुतळी मावशीचा तेरावा फेरा सुरू होईल. लावणाऱ्याचे कंत्राट त्याच दिवशी संपेल.

यातली कोणती शक्यता खरी, हा प्रश्न टिपणीत नव्हता. कोणती कमी लोकांना दुखावते, हा होता. नागेशरावांच्या चांगुलपणाचा याहून स्पष्ट पुरावा मागणे हा कोतेपणा होईल.

त्यांनी झिलूला समोर बसवले.

“सर, ते माजं हाय,” झिलू म्हणाला. “सुदेशनं आणलंय.”

“तुजंच हाय. म्हणून तर अडचण हाय.” नागेशरावांनी आवाज खाली आणला. “तू तुजं म्हटलास की उद्यापासनं तुला यायचं न्हाई. सरकारचं म्हटलास की सरकारी यंत्रावर सरकारी काम केलंस. त्यात गुन्हा काय?”

“मग मला वापराय मिळंल?”

“सरकारचं झाल्यावर न मिळाय काय झालं? तुज्यासाठीच चाललंय की ह्ये सगळं.”

झिलूने कंट्रोलरची डावी काडी अंगठ्याने एकदा फिरवली. मग त्याने विचारले, की चाचणी सव्वीस तारखेला आहे, तोवर सगळे होईल ना. नागेशराव म्हणाले, तोवर तर होईलच. आणि ते मनापासून म्हणाले.

नियमाप्रमाणे वस्तू सरकारजमा करण्यापूर्वी हरकती मागवाव्या लागतात. सूचना तयार झाली: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पूजित वस्तू क्रमांक सतरा ही या केंद्राची असल्याचे केंद्राच्या निदर्शनास आले आहे. कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत लेखी द्यावी. मुदतीत न बोलणाऱ्यांची संमती गृहीत धरण्यात येईल.’ ती संगणकावर झिलूने उतरवली. केंद्रात दुसरा ऑपरेटर नव्हता. कंट्रोलरने लिहिलेला तो शेवटचा मजकूर. त्यात एकही चूक नाही.

सूचना फलकावर लागली त्याच दिवशी नागेशरावांनी वस्तू कपाटात ठेवली. हरकतीचा निकाल लागेपर्यंत वादग्रस्त वस्तू वापरात ठेवता येत नाही हे उघड आहे; आणि हरकत येण्याची शक्यता असल्यामुळे वस्तू वादग्रस्त होती. झिलूने विचारले, सुदेशला सांगून तसलाच दुसरा आणू का. नागेशरावांनी त्याला एक परिपत्रक दाखवले, जे त्यांनीच सकाळी काढले होते: ज्या कामासाठी केंद्राकडे सरकारी साधन उपलब्ध आहे, त्या कामासाठी खाजगी साधन जोडू नये. सरकारी साधन आता उपलब्ध होते. ते कपाटात होते.

फलकासमोर पंधरा दिवस रांग उभी होती, कारण काउंटरची रांग तिथूनच जाते. झिलू पुन्हा माऊसवर आला होता आणि दिवसाला चार दाखले होत होते, त्यामुळे सूचना वाचायला लोकांना भरपूर वेळ मिळाला. वाचता येणाऱ्यांनी ती न येणाऱ्यांना वाचून दाखवली. ज्यांचे दाखले झिलूच्या अंगठ्यांतून निघाले होते असे किमान तीनशेजण त्या पंधरा दिवसांत फलकासमोर उभे राहिले. त्यांच्या चर्चेचे विषय तुळजाक्काने सांगितले ते असे: ऑपरेटर फार हळू झालाय, अशांना कशाला ठेवतात, करंट गेला काय, आणि एकाने विचारले, सतरा नंबरची वस्तू म्हणजे काय. त्याला कोणीतरी सांगितले, आपल्याला काय करायचंय.

चौदाव्या दिवशी पुतळी मावशी आली. तिचा कागद निघून वर्ष झाले होते. रांगेत उभे राहायचे तिला काही कारण नव्हते. ती सरळ नागेशरावांच्या टेबलापाशी आली.

“माजी हरकत हाय.”

नागेशरावांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. हरकत लेखी लागते, असे सांगितले.

“मला लिवाय येत न्हाई.”

“काउंटरवर लिवून देत्यात, मावशी.”

मावशीने काउंटरकडे बघितले. काउंटरवर झिलू होता. नागेशरावांनाही ते त्याच वेळी दिसले, आणि त्यांना सांगावे लागले की स्वतःच्या प्रकरणातली हरकत ऑपरेटरला स्वतः लिहिता येत नाही. निःपक्षपातीपणाचा प्रश्न येतो. मग तुम्हीच लिहा, असे मावशी म्हणाली. नागेशराव म्हणाले, मी तर निर्णय देणारा. कारकुनांनी एकदम फायली उघडल्या.

“बरं मग,” मावशी म्हणाली, “अंगठा घ्या. वर काय लिवायचं ते तुमास्नी ठावं हाय.”

नागेशरावांनी एक कोरा कागद काढला. शाईचा डबा स्वतः उघडला. मावशीने कागदाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला, लुगड्याला पुसला आणि ती झिलूकडे न बघता निघून गेली. नागेशराव त्या कागदासमोर पेन घेऊन पंचवीस मिनिटे बसले होते, असे तुळजाक्का सांगते. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. काय लिहायचे ते त्यांना ठाऊक होते, यात शंका नाही. शेवटी त्यांनी कागद फाईलला लावला आणि आवक नोंदीत लिहिले: ‘एक कोरा कागद, अंगठ्यासह.’ कोऱ्या कागदात हरकतीचा मजकूर नसतो. पंधराव्या दिवशी गोषवाऱ्यात नोंद झाली: ‘प्राप्त हरकती: निरंक.’

वस्तू सरकारची झाली. आता ती झिलूला मिळायला कोणतीच आडकाठी उरली नव्हती, आणि नागेशराव तीच आनंदाची बातमी द्यायला निघाले असता त्यांना आठवले, की वस्तू नोंदवहीत आली तरी तिचा वर्ग ठरलेला नाही. लेखनसामग्री, यंत्रसामग्री, फर्निचर, वाहन असे वर्ग आहेत. खेळण्यांचा वर्ग बालवाड्यांपुरता आहे, आणि त्यात टाकल्यास वस्तू कार्यालयीन वेळेत वापरता येणार नाही. त्यांनी जिल्ह्याला लिहिले. जिल्ह्याने उलट टपाली विचारले, की बटणे किती. सदर वस्तू हलते काय. हलत असल्यास स्वतः हलते की हलविल्यास. नागेशरावांनी बटणे मोजली. खेळताना धक्का बसला की हातात थरथरण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते, ती कामाच्या वेळी बंद ठेवलेली असे. पण खोटे लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी कळवले की वस्तू प्रसंगी थरथरते. प्रकरण तांत्रिक शाखेकडे गेले.

चाचणीला चार दिवस उरले होते. झिलूने वस्तू मागणीचा अर्ज करायचे ठरवले. मागणी अर्ज संगणकावरच भरायचा असतो. तळहाताच्या टाचेने माऊस ढकलीत त्याने तो दीड तासात भरत आणला, आणि शेवटच्या पानावर ‘वस्तूचा वर्ग’ हा रकाना आला. रकाना कोरा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही. झिलूने नागेशरावांना हाक मारली. नागेशराव त्याच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “आता ह्याला मी काय करू, सांग.” कपाटाची किल्ली त्या वेळी नागेशरावांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती.

सव्वीस तारखेला परीक्षक आले. सभ्य गृहस्थ. नागेशराव साक्षीदार म्हणून शेजारी बसले. चाचणी सुरू होण्यापूर्वी त्यांनी माऊस झिलूच्या बाजूला दोन बोटे सरकवला. नियमात बसणारी जेवढी मदत होती ती त्यांनी पूर्णपणे केली. दहा मिनिटांत झिलूने बारापैकी पाच रकाने भरले. परीक्षकांनी त्याचे हात बघून विचारले, की अशा उमेदवाराला काही विशेष साधन मिळत नाही काय. नागेशराव म्हणाले, मिळते. केंद्राकडे ते आहे. परीक्षकांनी केंद्राच्या तयारीची प्रशंसा करणारा शेरा मारला. त्या दिवशी करंट एकदाही गेला नाही. अपयशाला लोक ज्याचा आडोसा घेतात तो आडोसाही झिलूला मिळाला नाही.

त्याच्या जागी रामनगरचा ओंकार आला. त्याला दहा बोटे आहेत. रोजचे दाखले सरासरी अकरा. राखीव जागेवर तो कसा आला, हे प्रकरण वेगळे. ओंकारला चष्मा आहे.

फेब्रुवारीत, उळवीच्या जत्रेची सुट्टी संपल्यावर, जिल्ह्याचे उत्तर आले. पूजित वस्तू क्रमांक सतरा ही संगणकाचे मान्यताप्राप्त साधन ठरविण्यात येत आहे. हाताने अधू असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ती अत्यंत उपयुक्त असून, असा विचार करणारे वनग्राम दाखला केंद्र हे जिल्ह्यातील पहिलेच केंद्र होय. हेड क्लार्क यांचे अभिनंदन. केंद्रात तसा कर्मचारी असल्यास वस्तू तात्काळ त्याच्या स्वाधीन करावी. नसल्यास कपाटात सुस्थितीत ठेवावी.

नागेशरावांनी हजेरीपट तपासला. तसा कर्मचारी नव्हता.

अभिनंदनाचे पत्र त्यांनी चौकटीत लावले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ते फाईलला लावले, कोऱ्या कागदाच्या वर.

यंदाच्या आयुधपूजेला झिलू केंद्रात आला होता. त्याला अपंगत्वाचा दाखला नवा करून घ्यायचा होता. दर तीन वर्षांनी बोटे सुधारलेली नाहीत याची खात्री करून घेण्यात येते. तुळजाक्काने लाल कापड घातले होते आणि कपाटातून आणलेला कंट्रोलर दोन शिक्क्यांच्या मधे कसा ठेवायचा ते तिला आठवत नव्हते.

“झिलू, बघ की रे. तुजं यंतर नीट बसंना.”

झिलू जाळीच्या आत आला. त्याने तो दोन्ही मुठींत घेतला, वायर आत वळवली आणि ठेवण्यापूर्वी डाव्या काडीवर अंगठा टेकवून ती किंचित खाली दाबली.

“आमचं न्हाई, अक्का,” तो म्हणाला. “सरकारचं.”

नागेशराव यादी लिहीत होते. क्रमांक सतरा. पूजेपूर्वी सुस्थितीत. त्यांनी मान वर केली नाही. नंतर त्यांनी झिलूच्या हातावर प्रसादाचे खोबरे ठेवले, मोठा तुकडा निवडून, आणि झिलू दाखल्याच्या रांगेत परत जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर बारावा होता.

मूळ सूचना अजून फलकावर आहे. मुदत संपली तरी ती काढण्याचा आदेश कोणी दिलेला नाही, आणि नागेशरावांनी उदार मनाने हरकतींचा रकानाही उघडा ठेवला आहे. पूजित वस्तू क्रमांक सतरा कोणाची, ती कपाटात कशी गेली आणि किल्ली कोणत्या खिशात होती, हे रांगेतल्या लोकांना पुरते ठाऊक नव्हते, असे त्यांच्या वतीने म्हणता येईल. आपल्याला ते सुरुवातीपासून ठाऊक आहे. सूचनेपेक्षा पुष्कळ मोठा असलेला हा मजकूर आपण रांगेत न उभे राहता, बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाटेत एकदोन ठिकाणी आपल्याला हसूही आले असावे. आपल्याला लिहिता येते. मुदतीत न बोलणाऱ्यांचे काय समजले जाते, तेही आपण वाचले आहे. नागेशरावांनी आपली वाट पाहिली, चष्मा पुसला आणि आपल्या नावापुढचा रकाना आत्ताच भरला आहे: निरंक.